विधान क्रमांक तेवीस

डॉ. वृंदा हसबनीस हिला आपल्या मराठीचा अभिमान होता, आणि तो वाजवीही होता. सगळा घोटाळा मात्र तिथूनच झाला.

तशी सुरुवात आधीची. २०३५च्या सुमारास महाराष्ट्रातली कॉलेजं मोबाईलवरच्या जुगारानं पोखरून निघाली होती. मुलं पुढच्या चेंडूवर पैसे लावत, उद्याच्या तापमानावर लावत, एखाद्या पुढाऱ्याचं भाषण किती मिनिटं चालेल यावरसुद्धा लावत. बंदी आली, बंदीला बगल देणारी ॲप आली, मग त्यांच्यावर बंदी आली. काही मुलांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तेव्हा सरकारला जाग आली, आणि जाग आली की सरकार समिती नेमतं. समितीनं सांगितलं, जुगारात बुडालेल्या मुलाला वर काढणं फार अवघड, बुडण्याआधीच ओळखा.

ओळखण्याचं काम पुण्याच्या मनोमापन केंद्राकडे आलं. केंद्राचे संचालक डॉ. उपेंद्र आगटे, आणि वृंदा ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. दोघांनी चार वर्षं खपून ‘पूर्वकल’ नावाची चाचणी उभी केली.

पूर्वकल दिसायला अगदी साधी. डोक्याला एक मऊ पट्टी बांधायची, ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपते. समोर पडद्यावर तीन चाकं फिरतात, कळ दाबली की थांबतात. तिन्हीवर एकच चित्र आलं तर तुम्ही जिंकलात. गंमत म्हणजे तुमच्या जिंकण्यात यंत्राला काडीचा रस नाही. दोन चित्रं जुळतात आणि तिसरं जरासं पुढे सरकतं, तेवढा क्षण त्याला हवा असतो. बहुतेकांचा मेंदू तेव्हा म्हणतो, हरलो. काहींचा म्हणतो, जवळजवळ जिंकलोच की! हरल्यावरही ज्यांच्या डोक्यात जिंकल्याची लहर उठते, त्यांना पुढच्या डावापासून उठवणं कठीण.

पण नुसत्या लहरीवर कुणाला जुगारी ठरवता येत नाही. तशी लहर डोंगर चढणाऱ्यांत असते, शोध लावणाऱ्यांतही असते. म्हणून जोडीला चाळीस विधानं होती. माणूस उतावळा आहे का, नशिबाची दोरी आपल्याच हातात आहे असं त्याला वाटतं का, मन उदास झालं की तो थरार शोधायला पळतो का, हे त्यांतून चाचपायचं. प्रत्येक विधानापुढे ‘अगदी असहमत’पासून ‘अगदी सहमत’पर्यंत पाच चौकोन. लहर आणि चौकोन मिळून शंभरपैकी एक आकडा निघे. सत्तरच्या वर गेला तो विद्यार्थी लाल.

विधानं मूळची परदेशी. मराठीत आणायचं काम वृंदानं हट्टानं स्वतःकडे घेतलं होतं. तेविसाव्या विधानाचा आधीचा सरकारी तर्जुमा असा होता: ‘एखाद्या बाबीच्या आहारी गेल्यावर तिच्यापासून परावृत्त होणे मला कठीण जाते.’ वृंदा तो वाचून पोट धरून हसली होती. अठरा वर्षांचं पोर परावृत्त होतं का कधी? तिनं लिहिलं: ‘मला एखाद्या गोष्टीचा नाद लागला की तो सुटत नाही.’ आगटेंनी मान डोलावली. पुण्यात, नाशकात, नागपुरात सहाशे मुलांवर चाचणी घेऊन पाहिली, आणि तेवीस क्रमांक इतका झकास चालला की आकड्यात त्याला सगळ्यांत जास्त वजन दिलं. कोल्हापूरचा दौरा महापुरामुळे रद्द झाला. तो पुन्हा ठरवावा असं कुणाला वाटलं नाही. मराठी ती मराठीच, तिथे काय वेगळं असणार!

दोन वर्षांनी पूर्वकल राज्यभर लागू झाली आणि वृंदा विभागीय समुपदेशक म्हणून कोल्हापूरला आली. पहिल्याच निकालात राज्यात शंभरात नऊ मुलं लाल निघाली. कोल्हापूर विभागात एकतीस.

“शौकीन माणसं,” आगटे फोनवर म्हणाले. “तांबडा रस्सा, कुस्ती, फुटबॉल. थरार रक्तातच असणार. बघ, चाचणी किती बारीक पकडते!”

वृंदालाही ते पटलं. आपल्या हातची वस्तू चांगली निघाली म्हटल्यावर कोण शंका घेत बसतं?

*

हर्षवर्धन पोवार तिच्याकडे आला तो ऑगस्टमध्ये. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातला, वडील नाहीत, आई मिरची-मसाला कांडून द्यायचं दुकान चालवते. उंच, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा. बोलताना सारखा खिडकीबाहेर आभाळाकडे बघायचा. आकडा चौऱ्याहत्तर.

“म्हणजे मॅडम, मी अजून काय केल्यालं न्हाई, पण करणार हाय?” त्यानं विचारलं.

“करशीलच असं नाही. तुझ्यासारखा कल असलेल्या दहा मुलांपैकी सहा-सात त्या वाटेला जातात.”

“मला तर पत्ते बी येत न्हाईत. रमीत मला कुणी घेत न्हाई.”

“म्हणूनच आम्ही आत्ता सांगतोय. उशीर झालेला नाही.”

तो मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिला. “पावसाआधीच छत्री उघडून हिंडायचं म्हणा की,” असं म्हणून हसला. वृंदाही हसली. मुलगा तिला आवडला होता.

मग तिनं त्याला संरक्षक उपाय समजावून सांगितले. शब्द तिचेच होते. शिक्षा वाटू नये म्हणून तिनं ते मुद्दाम मऊ लिहिले होते. त्याच्या फोनवरून शंभर रुपयांपुढचा कुठलाही खर्च आईनं तिच्या फोनवर संमती दिल्याशिवाय होणार नाही. पालकांना पत्र जाईल. दर पंधरा दिवसांनी समुपदेशन. आणि वसतिगृहात लाल मुलांची सोय एकाच मजल्यावर, म्हणजे लक्ष ठेवणं सोपं.

पत्र मिळाल्यावर आईचा, रूपाली पोवारांचा, फोन आला. मागे कांडपयंत्राची धडधड चालू होती.

“मॅडम, मी त्याची आई बोलतो,” त्या म्हणाल्या. इथल्या बायका ‘बोलतो, आलो, गेलो’ म्हणतात, हे एव्हाना वृंदाच्या कानाला सवयीचं झालं होतं. “चिठ्ठी वाचलो. माझं तर हातपाय गळालं बघा. आता मी काय करू, ते तेवढं सांगा.”

वृंदानं समोरच्या मार्गदर्शिकेतलं वाक्य सोपं करून सांगितलं. “घाबरू नका. उत्तेजना देणाऱ्या गोष्टी जरा कमी करायच्या. शर्यती, स्पर्धा, असलं काही असेल तर.”

“कबुतरं हाईत की त्याची. शर्यतीत सोडतोय. दिवसभर माळवदावर बसून आभाळाकडं डोळं लावतोय. त्याच्या बापाचा बी हाच नाद हुता.”

नाद हा शब्द वृंदानं ऐकला, आणि तिला वाटलं, बरोबर, तेवीस क्रमांक.

“मग ते बंद केलेलंच बरं,” ती म्हणाली.

*

पुढचे दोन महिने हर्षवर्धन नेमानं येत होता. दर खेपेला थोडा कमी बोलायचा. लाल मुलांना कॉलेजात ‘मिरच्या’ म्हणायला लागले होते. फुटबॉल संघाची वर्गणी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं, ते काढून घेतलं. कुणी त्याला दोष दिला नाही. सगळे उलट समजून घेतल्यासारखे वागत, आणि त्याला तेच जास्त लागायचं. कँटीनमध्ये मित्रांना चहा पाजायचा म्हटलं तरी चाळीस किलोमीटरवर आईच्या फोनची घंटा वाजे. दोनदा तिचे हात तिखटानं भरलेले होते म्हणून संमती आली नाही, आणि पोरं थट्टेनं म्हणाली, राहू दे रे मिरची, आम्ही भरतो.

ऑक्टोबरात एकदा तो आला आणि नुसताच बसून राहिला. आभाळाकडेही बघेना.

“काय झालं?” वृंदानं विचारलं.

“काय न्हाई. कबुतरं दिली आईनं. बेचाळीस हुती. मी शनिवारी गेलो तर ढाबळ मोकळी. मला न सांगता दिली, मी रडंन म्हणून. त्यात बाबांच्या येळची एक मादी हुती, म्हातारी. ती काय शर्यतीत उतरायची न्हाई आता. नुसती बसायची.”

वृंदाला वाईट वाटलं. तरी तिच्यातली समुपदेशक जागी होती. “हर्षवर्धन, सुरुवातीला त्रास होणारच. पण तूच चाचणीत लिहिलं होतंस ना, नाद लागला की सुटत नाही? अगदी सहमत म्हणून?”

तो पहिल्यांदाच चिडला.

“मग काय सुटतोय म्हणून लिहू? नाद सोडणारा माणूस म्हणजे काय माणूस हाय व्हय? आमच्याकडं विचारा कुणालाबी. ज्याला नाद न्हाई त्याला कोण हिंग लावून इचारत न्हाई. बाबांच्या पाठीमागं कबुतरं मी संभाळली, आठवीपासनं, त्याला नाद म्हणत्यात. त्या प्रश्नात मी कबुतरंच धरली हुती, मॅडम! तुम्ही काय धरलं हुतं?”

वृंदाच्या डोळ्यांसमोर एकदम इथले रिक्षांवरचे, दुकानांवरचे, पोरांच्या बनियनवरचे शब्द आले. नाद खुळा. नाद करायचा नाय. तीन महिने ती ते रोज वाचत होती आणि गंमत वाटून पुण्याच्या मैत्रिणींना फोटो पाठवत होती. तिच्या पुण्यात नाद म्हणजे बाटलीचा, बाईचा, पत्त्यांचा. लागू नये तो. इथे नाद म्हणजे जीव लावणं. प्रश्न वाचून इथलं पोर छाती फुगवून पाचव्या चौकोनात खूण करत होतं, आणि यंत्र त्याला लाल करत होतं.

तो गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि त्याचा निकाल उघडला. बाकी सगळी उत्तरं सौम्य होती. लहर उठत होती, पण ती कबुतर आभाळात ठिपका होऊन दिसेनासं झाल्यावर वाट बघत बसणाऱ्या कुणाच्याही डोक्यात उठली असती. तेविसाव्या विधानाचं वजन काढून टाकल्यावर आकडा आला त्रेसष्ट. वृंदानं तीन वेळा मांडून पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात तिनं चाचणी न दिलेल्या वरच्या वर्गातली दोनशे मुलं घेतली, नावं न नोंदवता. अर्ध्यांना ‘नाद’, अर्ध्यांना ‘वाईट सवय’. पहिल्या शंभरात तीस लाल निघाले. दुसऱ्या शंभरात नऊ.

*

“अभिनंदन,” वृंदा आकडे घेऊन पुण्याला गेली तेव्हा आगटे म्हणाले. ते खरोखरच मनापासून म्हणाले. ही गोष्ट कुणा दुष्ट माणसाची असती तर सांगायला सोपी झाली असती. “चांगला प्रश्न उभा केलास. पण उत्तर लगेच ठरवू नकोस.”

“सर, उत्तर समोर आहे. शब्द चुकला. माझा शब्द. कोल्हापुरातली दोन-तृतीयांश लाल मुलं लाल नाहीतच.”

“किंवा ‘वाईट’ हा शब्द वाचून मुलं सावध झाली. वाईट सवय सुटत नाही असं स्वतःहून कोण कबूल करेल? कदाचित तुझा नाद हाच शब्द त्यांच्याकडून खरं वदवून घेतो. दोन्ही शक्य आहे की नाही?”

वृंदाला शक्य आहे म्हणावं लागलं.

“मग वाट बघू. एप्रिलमध्ये पाठपुरावा आहेच. तुझं बरोबर असेल तर ही मुलं जुगार खेळणार नाहीत. आकडे आपोआप सांगतील, आणि त्या दिवशी मी स्वतः मंत्रालयात जाऊन ते विधान काढून टाकीन.”

“आणि तोपर्यंत? त्या मुलांना सांगायला नको?”

“सांगितलंस की पाठपुरावा बाद. तुम्ही लाल नाही असं कळल्यावर ती जशी वागली असती तशी वागणार नाहीत. मग तुझी चूक कधीच सिद्ध होणार नाही, आणि विधान तसंच राहील. पुढच्या वर्षी आणखी हजारो मुलं. सहा महिन्यांचा प्रश्न आहे, वृंदा.”

युक्तिवादात कुठे फट नव्हती. वृंदानं शोधली, पण ती त्यांचीच विद्यार्थिनी होती. तिला शोधायला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं गोपनीयतेच्या कागदावर सही केली आणि परतीच्या बसमध्ये स्वतःला समजावलं की एप्रिलमध्ये हर्षवर्धनचा लाल शिक्का पुसला जाईल, सरकारी कागदानिशी, आणि कबुतरं काय, पुन्हा आणता येतील. प्रश्न एवढाच होता की तोवर तो मुलगा जसा होता तसा राहायला हवा.

तो तसा राहिला नाही. कसा राहणार? लाल मुलांचा मजला म्हणजे पन्नास पोरं, खिशात पैसा चालत नाही, बाहेर कुणी धड बोलत नाही, आणि प्रत्येकाला सांगून ठेवलेलं की तू जुगारी होणार आहेस. सुरुवात थट्टेनंच झाली. नळाचा पुढचा थेंब कधी पडेल यावर पोरं पैजा लावायला लागली. आधी बिस्किटं, मग साबणाच्या वड्या, मग घड्याळं. एकदा वृंदा पाहणीला गेली तर व्हरांड्यात दहाबारा जणं भिंतीवरच्या दोन पालींकडे श्वास रोखून बघत होती. एक पाल हलली आणि आरडाओरडा झाला. तिला बघून सगळे गप्प झाले, आणि मग एक पोर दात काढून म्हणालं, “आम्ही मिरच्याच की मॅडम, आमच्याकडनं दुसरं काय हुणार?” हर्षवर्धन भिंतीला टेकून उभा होता. तो खेळत नव्हता. फक्त बघत होता.

त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या काही मुलांनी आपले फोन या मजल्यावर भाड्यानं द्यायला सुरुवात केली. त्यांचे आकडे चांगले होते, त्यांच्या फोनवर कुणाचं लक्ष नव्हतं.

डिसेंबरात हर्षवर्धन ठरल्या वारी नसतानाही आला. दारातच उभा राहिला.

“बसत न्हाई मॅडम. एकच विचारायचं हाय. खरं सांगा.” त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. “माझं खरंच तसं हाय का? म्हणजे माझ्या डोक्यात ते हायच का? कारण नसंल तर मी अजून माघारी फिरतोय. पोरं म्हणत्यात, कशाला झगडायलायस, आज न्हाई उद्या तेच हुणार हाय. मला तुमच्याकडनं ऐकायचंय.”

वृंदाच्या ओठांवर आलं होतं. त्रेसष्ट, बाळा, तू त्रेसष्ट आहेस. तिनं सहीचा कागद आठवला, पुढच्या वर्षीची हजारो मुलं आठवली, एप्रिल आठवला. एका मुलासाठी सगळ्यांचं नुकसान करायचं का, असा प्रश्न तिनं स्वतःला विचारला, आणि शिकलेल्या माणसाला असला प्रश्न पडला की तो बहुतेक वेळा समोरच्या माणसाला बुडवतो.

“अहवालात जे आलंय ते आलंय, हर्षवर्धन,” ती म्हणाली. “पण तू प्रयत्न सोडू नकोस.”

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग “बरं,” म्हणाला आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं. पुढच्या खेपेपासून तो यायचा बंद झाला.

*

एप्रिलमध्ये पाठपुराव्याचे आकडे आले. वृंदा सकाळपासून संगणकासमोर बसून होती. कोल्हापूर विभागातल्या लाल मुलांपैकी शंभरात अडुसष्ट जणं वर्षभरात जुगार खेळू लागली होती. उरलेल्या मुलांत हे प्रमाण फक्त पाच. चाळीस विधानांपैकी कुठल्या विधानानं सर्वांत अचूक भाकीत केलं याची एक यादी होती. तिच्यात सर्वांत वर विधान क्रमांक तेवीस होतं.

आगटेंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदानं भरला होता. “मी म्हणालो होतो ना, तुझा शब्द खरं वदवून घेतो! समिती आता नाद हाच शब्द कायम ठेवायचं म्हणतेय. त्याचं वजनही वाढवायचं.”

“सर, आपण त्यांना लाल केलं म्हणून ती खेळली. एका मजल्यावर कोंडलं, घरच्यांचा विश्वास तोडला, तू बुडणार म्हणून सांगितलं आणि नुसते बघत बसलो.”

“शक्य आहे. सिद्ध कर. एवढीच लहर असलेला, तेविसाला अगदी सहमत म्हणालेला, पण लाल न ठरलेला एक तरी मुलगा मला दाखव. तो खेळला नसेल तर तुझं खरं.”

असा मुलगा नोंदीत असूच शकत नव्हता; वरच्या वर्गातल्या त्या दोनशेंची तिनं नावंच घेतली नव्हती. तेवढी लहर आणि तेवढं उत्तर असलेल्या, नोंदीतल्या प्रत्येकाला चाचणीनं लाल केलं होतं, एकही न चुकवता. वृंदानं फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. चूक दुरुस्त करायला ती सहा महिने थांबली होती, आणि थांबल्यामुळे चूक खरी झाली होती. आता जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला ती खोटी म्हणून दाखवता आली नसती.

खाली नावांची यादी होती. पोवार हर्षवर्धन: जुगार, तीव्र. फेब्रुवारीत कॉलेज सोडलं.

दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा पाठवला आणि राधानगरीची बस पकडली. आता काही वाचवता येईल अशी तिला आशा नव्हती. त्याला निदान खरं तरी सांगावं, एवढंच मनात होतं. खरं कळलं तर पोरगं पुन्हा उभं राहील, असं मात्र कुठेतरी वाटत होतं, नाहीतर ती गेली नसती.

घरापुढच्या दुकानात कांडपयंत्राच्या जागी सिमेंटवर चार बोल्टची भोकं तेवढी राहिली होती. पोराची देणी फेडायला यंत्र विकून झालं होतं. रूपालीताई आता बाजारपेठेतल्या दुसऱ्याच्या कांडपावर रोजानं जात होत्या. वृंदा जिन्यानं वर गेली. माळवदावरच्या कबुतरांच्या ढाबळीत आता गोवऱ्या रचल्या होत्या. हर्षवर्धन ढाबळीच्या सावलीला बसला होता. वाळला होता, दाढी वाढली होती. वृंदाला बघून तो उठला, तिच्यासाठी पोतं झटकून अंथरलं.

तिनं सगळं सांगितलं. शब्द, त्रेसष्ट, दोनशे मुलं, आगटे. “तू लाल नव्हतास, हर्षवर्धन. कधीच नव्हतास. चूक माझी होती.”

तो पुन्हा खाली बसला.

“कधी कळलं तुम्हाला?”

“ऑक्टोबरात.”

“म्हणजे मी डिसेंबरात विचारायला आलतो तवा?”

“तेव्हा माहीत होतं.”

तो ओरडेल, शिव्या देईल, हात उगारेल, असं तिला वाटलं; तिला तसं व्हायलाही हवं होतं. त्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माळवदावरची धूळ इकडची तिकडं करत राहिला.

“आईला सांगू नका,” तो शेवटी म्हणाला.

“का? तिला कळायला हवं, तुझा दोष नव्हता.”

“मॅडम, तुमच्या ध्यानात येईना झालंय. आत्ता तिच्या लेखी माझा दोष न्हाईच. यंत्र विकलं तवा बी ती मला एक शब्द बोलली न्हाई. शेजारणीला सांगती, माझ्या पोराच्या मेंदूतच हाय ते, जन्माचं, तो तरी काय करणार. ते जर मेंदूत नव्हतंच, तर मग मी कोण हाय? आईचं दुकान खाल्ल्यालं पोरगं.” त्यानं ढाबळीकडे बघितलं. “आन कबुतरं तिनं तिच्या हातानं दिल्यात. बाबांची म्हातारी मादी सुदीक. ती उगाच दिली म्हणून कळलं तर आई काय जगती व्हय?”

खरं सांगायला आपण फार उशिरा आलो एवढंच वृंदाला कळलं.

खालून खोकल्याचा आवाज आला. रूपालीताई कामावरून आल्या होत्या. जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या पातळावर, केसांत, पापण्यांवर तांबडी पूड बसली होती. वृंदाला बघून त्यांनी पदर सावरला.

“आगाई, मॅडम तुम्ही! आन पोरानं चहा बी टाकला न्हाई.” त्या तिच्यासमोर खालीच बसल्या. जरा दम घेतला, आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, “बरं झालं आला. एक कवापासनं विचारीन म्हणतोय. माझ्या जिवाला सारखी टोचणी लागल्या. तुम्ही आधीच सांगितलं हुतं तसंच सगळं झालं. पण मॅडम, ते हुणारच हुतं न्हवं? आम्ही काय बी केलं असतं तरी? त्याच्या डोक्यात ते हुतंच न्हवं?”

वृंदानं हर्षवर्धनकडे बघितलं. तो तिच्याकडे एकटक बघत होता, डिसेंबरात दारात उभा होता तसा.

“हो,” वृंदा म्हणाली. “होतंच. तुमच्या हातात काही नव्हतं.”

रूपालीताईंनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “देव तुमचं भलं करो, मॅडम,” त्या म्हणाल्या. “लई मोठा भार उतरवलासा.”

हर्षवर्धननंही हळूहळू मान डोलावली. घटकाभरापूर्वीच खरं ऐकलं होतं, तरी त्यालाही ते पटलं होतं.